हिटाइट: शब्द ओळखीचे, देव अनोळखी

या व्याख्यानमालेत पश्चिम आशियाचा विषय निघाला की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो. "तुर्कस्तानात एका मातीच्या पाटीवर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावं सापडली आहेत ना? मग हिटाइट लोक वैदिकच झाले की!" आता पाटी खरी आहे. नावंही खरी आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे बघायला गेलं तर अख्खी हिटाइट संस्कृती समजून घ्यावी लागते. म्हणून आज आपण तेच करू. आधी भाषा, मग देव, आणि ती पाटी त्यानंतर हातात घेऊ. थोडा धीर धरावा लागेल.

जागा कुठली ते आधी बघू. तुर्कस्तानची राजधानी अंकारा. तिच्या पूर्वेला, चोरुम प्रांतात, बोआझकाले नावाचं एक छोटं गाव आहे. त्या गावाला लागून डोंगरउतारावर पसरलेले अवशेष म्हणजे हत्तुसा, हिटाइटांची राजधानी. १८३४ मध्ये शार्ल तेक्सिए हा फ्रेंच प्रवासी तिथे पोचला, भल्यामोठ्या भिंती आणि दरवाजे पाहून थक्क झाला, पण हे कोणाचं नगर हे त्याला सांगता आलं नाही. हिटाइट हे नाव तेव्हा लोकांना ठाऊक होतं ते बायबलमधून, तेही कुठेतरी कोपऱ्यातली एक जमात म्हणून. १९०६ मध्ये ह्यूगो विंकलर आणि थिओडोर माक्रिदी यांनी तिथे उत्खनन सुरू केलं आणि मातीच्या पाट्या अक्षरशः टोपल्यांनी निघायला लागल्या. त्यातली एक पाटी अक्कादी भाषेत होती. अक्कादी म्हणजे त्या काळची आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहाराची भाषा, आणि ती विंकलरना वाचता येत होती. वाचतात तर काय, इजिप्तचा दुसरा रामसेस आणि हत्तीचा राजा हत्तुसिली यांच्यातला तह! हाच तह इजिप्तमध्ये कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेला आहे, तो अभ्यासकांना आधीच माहीत होता. दीड हजारांवर किलोमीटर अंतरावर त्याची दुसरी बाजू हाती लागली. आपण राजधानीतच उभे आहोत हे विंकलरना तिथेच कळलं.

आजवर तिथून सुमारे ३०,००० पाट्या आणि तुकडे मिळाले आहेत. पण बहुतेक पाट्या अक्कादीत नव्हत्या. लिपी तीच, कीलाकार, म्हणजे ओल्या मातीवर बोरूने खिळ्यासारख्या खुणा दाबून लिहायची. अक्षरं वाचता येत होती, भाषा कळत नव्हती. आपण कन्नड लिपी शिकलो आणि त्या लिपीत कोणीतरी हंगेरियन लिहून ठेवलं, तर जे होईल ते.

इथे बेद्रिख ह्रोझनी या चेक विद्वानाचा प्रवेश होतो. हे व्हिएन्नात शिकवत होते आणि मुळात सेमिटिक भाषांचे अभ्यासक होते. म्हणजे ही भाषा इंडो-युरोपीय निघावी अशी त्यांची काही इच्छा असण्याचं कारण नव्हतं, हे लक्षात ठेवा. त्यांच्यासमोर एक वाक्य आलं. त्यात भाकरीचं चिन्ह होतं. हे चिन्ह सुमेरी, त्याचा अर्थ माहीत होता. वाक्यात भाकरी आहे म्हणजे खाण्याचं काही असेल. पुढचा शब्द होता 'एत्सत्तेनि'. जर्मनमध्ये खाणे म्हणजे 'एसेन', लॅटिनमध्ये 'एदेरे', आणि आपल्या संस्कृतात 'अद्'. त्याच्या पुढे आणखी एक शब्द, 'वातर'. आता हा शब्द तर इंग्रजी शाळेत पहिलीत जाणाऱ्या मुलालाही ओळखता येईल! वाक्याचा अर्थ लागला: तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल. २४ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिनमध्ये त्यांनी हे जाहीर व्याख्यानात मांडलं. ऐन पहिल्या महायुद्धात. त्याआधी १९०२ मध्ये क्नूटझोन या नॉर्वेजियन अभ्यासकाने इजिप्तमध्ये सापडलेल्या दोन पत्रांवरून हीच शंका व्यक्त केली होती, पण तेव्हा त्यांचं कोणी ऐकलं नाही.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना तर हे आवडेलच.

हिटाइटमध्ये 'ते खातात' याला 'अदन्त्सि' म्हणतात. संस्कृतात 'अदन्ति'. आपला 'अन्न' हा शब्द याच अद् धातूचा. 'तो आहे' याला 'एस्त्सि', संस्कृत 'अस्ति'. म्हणजे आपल्या 'ति'च्या जागी तिथे 'त्सि' होतो, आणि तो नियमाने होतो. मारणे या अर्थाचा धातू बघा. एकवचन 'कुएन्त्सि', अनेकवचन 'कुनन्त्सि'. संस्कृतात 'हन्ति' आणि 'घ्नन्ति'. विद्यार्थ्यांना हे रूप पाठ करताना नेहमी प्रश्न पडतो की एकवचनात 'ह' आणि अनेकवचनात मधला स्वर उडून एकदम 'घ्न' कसा होतो. नेमका तोच स्वर हिटाइटमध्येही अनेकवचनात उडतो. इतकी आडवळणाची गोष्ट दोन भाषा एकमेकींकडून उसनी घेत नाहीत. शब्द उसने घेता येतात, बाजारात घेतो तसे. असली रूपं घरातूनच येतात.

किंवा हे पाहा. 'वातर' म्हणजे पाणी, पण 'पाण्याचं' म्हणायचं तर 'वेतेनस'. शेवटचा 'र' जाऊन 'न' आला. रक्त म्हणजे 'एस्हर', रक्ताचं म्हणजे 'एस्हनस'. संस्कृतात रक्ताला 'असृक्', आणि षष्ठी 'अस्नः'. यकृत म्हणजे काळीज, त्याची षष्ठी 'यक्नः'. संस्कृतात अशी मोजकी नामं अपवाद म्हणून उरली आहेत. हिटाइटमध्ये हा अपवाद नाही, चालू प्रकार आहे. म्हणजे आपल्याकडे अडगळीत पडलेलं एखादं भांडं तिकडे रोजच्या स्वयंपाकात वापरात होतं. आणखी दोन सोपे शब्द सांगतो: 'नेवा' म्हणजे नवा, आणि 'युगन' म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. संस्कृत 'युग', त्याचंच मराठी 'जू'.

सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. १८७९ मध्ये फर्दिनां द सोस्यूर या एकवीस वर्षांच्या तरुणाने एक धाडसी गणित मांडलं. इंडो-युरोपीय भाषांमधल्या स्वरांचा हिशोब लागत नाही, तो लागायचा तर मूळ भाषेत असे काही ध्वनी मानावे लागतील जे आज कुठल्याच भाषेत उरलेले नाहीत. निव्वळ कागदावरचं अनुमान. सोस्यूर १९१३ मध्ये वारले. त्यानंतर दोन वर्षांनी हिटाइट वाचली गेली, आणि १९२७ मध्ये कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने दाखवून दिलं की सोस्यूरने जिथे हरवलेला ध्वनी मानला होता, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हिटाइटमध्ये घशातून काढलेला एक 'ह' लिहिलेला आहे. उदाहरण घ्या: 'हस्ताइ'. याचा अर्थ हात नव्हे बरं का, हाड. संस्कृत 'अस्थि'. सुरुवातीचा 'ह' आपल्याकडे गळून गेला. इथे लगेच कोणीतरी म्हणेल, मराठीत 'हाड' आहे की! तर तो मोह आवरा. मराठी हाडातला 'ह' वेगळ्याच वाटेने आलेला आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. साम्य दिसलं की नातं जोडायचं, ही सवय भाषाशास्त्रात फार महागात पडते, आणि आपल्या सुरुवातीच्या प्रश्नातही हीच अडचण आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक छोटी गोष्ट सांगून पुढे जाऊ. आपण '१०' लिहितो आणि 'दहा' वाचतो. तोच आकडा गुजराती माणूस 'दस' वाचतो. हिटाइट लेखनिक शेकडो शब्द असेच लिहायचे. चिन्ह सुमेरी, वाचायचं हिटाइट. त्यामुळे 'मुलगा' यासारख्या अगदी रोजच्या शब्दाचा हिटाइट उच्चार काय होता हे अजून नक्की सांगता येत नाही. पाट्यांवर तो जागोजागी आहे, पण चिन्हाच्या रूपात.

आता एक गंमत सांगतो. हे लोक आपल्या भाषेला 'हिटाइट' म्हणतच नव्हते. ते म्हणायचे 'नेसिली', म्हणजे नेसा गावची बोली. नेसा म्हणजे आजच्या कायसेरीजवळचं क्युलतेपे. इ. स. पू. एकोणिसाव्या शतकात तिथे असिरियाच्या व्यापाऱ्यांची पेठ होती, गाढवांच्या तांड्यावरून कथील आणि कापड यायचं. त्या व्यापाऱ्यांच्या हिशोबात आणि पत्रांत काही स्थानिक नावं आणि शब्द आले आहेत. कुठल्याही इंडो-युरोपीय भाषेचा जगातला सगळ्यात जुना लेखी पुरावा तो हाच. त्यातला एक शब्द 'इस्हिउल' लक्षात ठेवा. मूळ अर्थ बंधन, बांधलेलं. त्यावरून करार, तह, नेमून दिलेलं कर्तव्य. पुढे तो लागणार आहे.

मग 'हत्ती' हे नाव कुठून आलं? ते आधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांचं. त्या हत्ती लोकांची भाषा, 'हत्तिली', पूर्ण वेगळी होती, इंडो-युरोपीय नव्हतीच. अनित्ता नावाच्या राजाने हत्तुसा जिंकलं, जमीनदोस्त केलं, तिथे तण पेरलं आणि जो राजा हे गाव पुन्हा वसवेल त्याला शाप दिला. पुढे शे-दीडशे वर्षांत त्याच भाषेच्या एका राजाने ते गाव वसवलं, राजधानी केली आणि स्वतः 'हत्तुसिली', म्हणजे हत्तुसाचा, असं नाव घेतलं. भाषा नेसाची ठेवली, नाव हत्तीचं घेतलं, आणि देव बहुतांशी हत्तीचेच घेतले.

देवासाठी हिटाइट शब्द आहे 'सिउस'. 'सिवत्त' म्हणजे दिवस. संस्कृतातले 'देव', 'दिवस', 'द्यौः' आणि ग्रीकांचा झ्यूस, सगळे याच मुळातले. शब्द शंभर टक्के घरचा. पण त्या शब्दाखाली जे देव नांदतात ते बघा. सर्वांत मोठी देवी, अरिन्ना नगरीची सूर्यदेवी, ही हत्ती लोकांची. शेतीचा देव तेलिपिनू, हत्तींचा. वसंतातला पुरुल्ली सण, हत्तींचा. त्या सणाला सांगायची गोष्ट अशी की इल्लुयांका नावाच्या सर्पाने मेघदेवाला हरवलं. मग इनारा देवीने मेजवानी मांडली, सर्प आणि त्याची पोरं इतकी प्यायली की बिळात परत शिरता येईना, आणि एका साध्या मर्त्य माणसाने त्यांना दोरीने बांधलं. मग मेघदेवाने येऊन त्याला मारलं. वृत्राची आठवण येते ना? येऊ द्या, पण ही गोष्ट हत्ती सणाची आहे आणि तिच्यातला देव आधी सपशेल हरतो, हेही विसरू नका.

तेलिपिनूची गोष्ट आम्हाला स्वतःला फार आवडते. तो रागावून निघून गेला. चुलीतली लाकडं धुमसायला लागली, गाई वासरांना जवळ घेईनात, झरे आटले. देवांनी गरुड पाठवला, त्याला सापडला नाही. मग एका म्हाताऱ्या देवीने मधमाशी पाठवली. माशीला तो रानात झोपलेला सापडला, तिने हातापायांना डंख केला, आणि तो उठला तो आणखीच चिडून! शेवटी विधी करून त्याचा राग काढावा लागला आणि पाताळात झाकणबंद रांजणांत कोंडावा लागला.

हिटाइट स्वतः म्हणायचे, 'हत्तीचे हजार देव'. मुलूख जिंकला की तिथला देवही राजधानीत यायचा, आणि तो यायचा आपली भाषा घेऊन. पाट्यांवर पुरोहितांना सूचनाच असते: इथे हत्तिलीत म्हणावं, इथे हुर्लिलीत, इथे लुविलीत. देवाला त्याच्या भाषेत बोलल्याशिवाय कळणार कसं, असा सरळ विचार. हत्तुसाजवळ याझिलिकाया नावाचं उघडं कातळदेऊळ आहे. खडकात एका बाजूने देवांची रांग, दुसऱ्या बाजूने देवींची, आणि मध्ये दोन्ही प्रमुख समोरासमोर. तिथे नावं कोरलेली आहेत तेशुब आणि हेबत, म्हणजे हुर्री देवता. हे कसं झालं? हत्तुसिली तिसरा याची राणी पुदुहेपा दक्षिणेकडच्या किझ्झुवत्ना प्रांतातली, हुर्री पुरोहिताची मुलगी. आपल्या प्रार्थनेत ती अरिन्नाच्या देवीला सांगते की हत्तीच्या देशात तू सूर्यदेवी आहेस आणि देवदारांच्या देशात तुलाच हेबत म्हणतात. गावची देवी आणि पुराणातली देवी एकच, हे आपल्याकडे ज्या सहजतेने सांगतात, तसंच. बाई मोठी कर्तबगार. रामसेसबरोबरच्या तहावर नवऱ्याच्या शिक्क्यासोबत तिचाही शिक्का होता.

देवळातल्या नोकरांना दिलेल्या सूचना वाचल्या तर सोवळ्याची आठवण येईल. नैवेद्याची भाकरी करणाऱ्याने आंघोळ केलेली हवी, नखं-केस कापलेले हवेत, कपडे स्वच्छ हवेत, स्वयंपाकाच्या जागी कुत्रं किंवा डुक्कर येता कामा नये. कारणही दिलं आहे: देवाचं मन आणि माणसाचं मन काही वेगळं नसतं, चाकराने स्वच्छ होऊन वाढलं की मालक खूश असतो.

आता ती पाटी. इ. स. पू. चौदाव्या शतकात सुप्पिलुलिउमा या हिटाइट राजाने मितन्नीचं राज्य मोडलं आणि तिथला राजपुत्र शत्तिवाझा याला मुलगी देऊन, गादीवर बसवून, मांडलिक केलं. त्याचा तह झाला, अक्कादी भाषेत. तहाला साक्षी देव लागतात. दोन्ही पक्षांनी आपापल्या देवांची यादी दिली. मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे मितन्नीच्या यादीत आहेत, हत्तीच्या नाहीत! त्या यादीतही ते एकटे नाहीत. हुर्री आणि मेसोपोटेमियाच्या पुष्कळ देवांच्या गर्दीत आहेत. मितन्नीची प्रजा हुर्री बोलायची, पण राजघराण्यात आणि घोड्यांच्या विद्येत भारतीय-आर्य भाषेचा अंश शिल्लक होता. हत्तुसाला सापडलेला घोड्यांच्या शिक्षणाचा ग्रंथ किक्कुली नावाच्या मितन्नीच्याच माणसाचा. मजकूर हिटाइटमध्ये, पण फेऱ्यांची नावं 'ऐकवर्तन्न', 'पंझवर्तन्न', 'सत्तवर्तन्न'. एक फेरा, पाच फेरे, सात फेरे. आपलं 'आवर्तन' इथे स्पष्ट ऐकू येतं.

म्हणजे संस्कृतच्या सगळ्यात जवळचा आवाज त्या पाट्यांत आहे, पण तो हिटाइटांचा नाही, त्यांच्या पराभूत शेजाऱ्याचा आहे. आणि हिटाइट आपले भाषेने नातेवाईक आहेत, पण फार दूरचे; इतक्या आधी वेगळे झालेले की त्यांच्या भाषेत स्त्रीलिंगसुद्धा वेगळं नाही. नुसतं सजीवासारखं एक लिंग आणि दुसरं नपुंसक. दोन्ही गोष्टी एकत्र कालवल्या की 'वैदिक हिटाइट' तयार होतात. आणि त्यात ज्यांचे देव, सण, गोष्टी त्यांनी घेतल्या ते हत्ती लोक साफ पुसले जातात. त्यांचं नावसुद्धा आपण दुसऱ्यांनाच देऊन बसलो आहोत.

मग हिटाइटांचं स्वतःचं काय, असा प्रश्न राहतो. आमच्या मते ते 'इस्हिउल' या शब्दात सापडतं. देवाशी, राजाशी, शेजाऱ्याशी नातं म्हणजे करार. त्यांचे कायदे पाहा, सुमारे २०० कलमं. अनेक ठिकाणी लिहिलं आहे की पूर्वी अमुक शिक्षा होती, आता तमुक आहे. स्वतंत्र माणसाचा डोळा फोडला तर पूर्वी चांदीचे ४० शेकेल, आता २०. मधाची पोळी चोरली तर पूर्वी चोराला माश्यांच्या हवाली करायचे, आता ६ शेकेल दंड. जुना नियम खोडून न टाकता शेजारी ठेवून नवा करायचा.

सुप्पिलुलिउमाचा मुलगा मुर्सिली दुसरा. त्याच्या राज्यात साथ आली, वीस वर्षं माणसं मरत होती. बाप मेला, गादीवर बसलेला मोठा भाऊ मेला. मुर्सिलीने कौल लावले, आणि जुन्या पाट्या काढून वाचल्या. एका पाटीत निघालं की माला नदीला, म्हणजे युफ्रेटिसला, द्यायचे बळी बंद पडले आहेत. दुसरीत निघाला इजिप्तशी झालेला जुना तह, जो त्याच्या बापाने मोडला होता. इजिप्तच्या विधवा राणीने लग्नासाठी मुलगा मागितला होता, पाठवलेला मुलगा मारला गेला, बापाने चिडून स्वारी केली, आणि त्या स्वारीत आणलेल्या कैद्यांबरोबर साथ आली. हे सगळं मुर्सिली देवापुढे सांगतो. बापाने अपराध केला हे खरं, मी केलेला नाही, पण बापाचं पाप मुलावर येतं म्हणून मी कबूल करतो. चाकराने चूक कबूल केली की मालक शांत होतो ना? आणि मग तो थेट हिशोबाचं बोलतो: नांगरणारे मेले, दळणाऱ्या बायका मेल्या, आता तुम्हाला भाकरी कोण करून घालणार? राजा स्वतःच्या वडिलांविरुद्ध दप्तरातला पुरावा देवासमोर मांडतो आहे. आम्हाला त्या काळातलं असं दुसरं कागदपत्र आठवत नाही.

इ. स. पू. ११८० च्या आसपास हत्तुसा ओस पडलं. झाडांच्या वाढीच्या कड्यांवरून २०२३ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की त्याआधी, इ. स. पू. ११९८ ते ११९६, लागोपाठ भयंकर अवर्षण झालं होतं. एकट्या दुष्काळाने राज्य बुडालं असं म्हणता येणार नाही, पण धान्याची कोठारं रिकामी झाली असणार. दक्षिणेकडे कार्केमिशसारखी छोटी राज्यं लुवी भाषेत आणखी काही शतकं टिकली.

त्याच २०२३ मध्ये बोआझकालेला आणखी एक पाटी निघाली. मजकूर हिटाइट, एका विधीचा. मध्येच सूचना येते की आता कलस्माच्या भाषेत म्हणावं, आणि पुढे काही ओळी अशा भाषेत आहेत जी तोवर कोणालाच माहीत नव्हती. कलस्मा म्हणजे हिटाइट मुलखाच्या वायव्येकडचा, आजच्या बोलु-गेरेदेच्या बाजूचा भाग. भाषा लुवीच्या जवळची वाटते, वाचन अजून चालू आहे. तिथल्या देवाशी त्याच्या भाषेत बोलायचं म्हणून हत्तुसाच्या एका लेखनिकाने ते शब्द उतरवून ठेवले, आणि आज त्या भाषेचं आपल्याकडे तेवढंच आहे.

प्रश्न असतील तर घेऊ या.